डाव्या बाजूची बेल

१२ नोव्हेंबर, बुधवार. वुडलँड्स. कि. ०

परदेशात लेकीकडं आल्याला चार दिवस झाले, वही आज उघडली. गाडीची वही आहे ही. वर कि. लिहायचे ते गाडीचे किलोमीटर. गाडी कराडला दिरांच्या अंगणात ताडपत्रीखाली, म्हणून शून्य. हे म्हणतात शून्य तरी लिही, रजिस्टरमध्ये दिवस कोरा सोडायचा नाही. चौतीस वर्षं सरकारी बस चालवली. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण डेपो डोक्यातनं जात नाही.

सुजाता म्हणाली, "बरं झालं आई, हिवाळाभर राहायला आलात." हिवाळा! घाम कागदावर पडतोय. लेकीच्या घरी घालवायचे म्हणून तीन महिने ह्याला हिवाळा म्हणायचं. तिकडं फिरायचे खरे दिवस हेच, आणि आम्ही इथं पंख्याखाली.

चौदावा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीतनं खाडीवरचा पूल दिसतो, पलीकडं मलेशिया. ह्यांनी खुर्ची ओढून तिथंच डेपो केलाय. ट्रकांची रांग बघत बसतात. मला ओट्याशी जायचं तर अंग चोरून जावं लागतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. कि. ०

नातीला, यशूला, शाळेची सुट्टी लागली. दहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, दोघींचं भागतं.

"आजी, यू ऑल स्लीप इन द बस अह? लाइक नो हाउस?"

म्हणलं, हाउस आहे ना, चाकावर आहे. मग तिला सगळं सांगावं लागलं. शाळेची जुनी बस, भंगारात निघालेली. ह्यांनी वर्षभर वेल्डरच्या मागं लागून तिचं घर केलं. बाकडी काढली, पलंग घातला, दोन हाताचा ओटा, वर पाण्याची टाकी. पाच वर्षं झाली फिरतोय. लेण्यांच्या पायथ्याशी, नदीकाठी, पेट्रोल पंपाच्या मागं, कुठंही. गावात शिरलो की लोक जमायचे. कुणी विचारायचं दवाखान्याची गाडी का, कुणी म्हणायचं मतदानाचं मशीन आणलंय का. एका गावात चार बायका लेकरं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, लस टोचायला. मी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं.

यशू म्हणाली, "सो शिओक!" तोंडावरनं दिसलं, चांगला शब्द आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार. कि. ०

जेवताना सु.नं विषय काढला. बुओना व्हिस्टाला तिची लॅब आहे, तिथं बोलते तसं बोलली, मुद्दे सांगितल्यासारखं. "बाबा, लायसन्स फेब्रुवारीत संपतंय. नवं करायच्या आधी इथं डोळे दाखवायचे. डॉक्टर हो म्हणाले तर फिरा, मी परत एक शब्द बोलणार नाही. नाही म्हणाले तर गाडी विकायची आणि दोघांनी इथं राहायचं. लाँग टर्म पास मी काढते."

हे म्हणाले, "चालेल." असं म्हणाले की जसं काही वाढ म्हणतायत.

मी काकडी चिरत होते. बोट थोडक्यात वाचलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. कि. ०

कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहिते. हे वही वाचत नाहीत, फक्त कि. बघतात.

बसमधला कंडक्टर दोरी ओढतो. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आमच्या गाडीला दोरी नाही. पहिल्या दिवशी हे म्हणाले, कंडक्टर तू, बेल दे. मी उलथनं घेतलं आणि दारावर हाणलं दोनदा. चेष्टाच होती. मग रोजची पद्धत पडली. मी डाव्या सीटवर, मांडीवर उलथनं. एक ठोका, गाडी थांबणार. दोन, निघणार.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ध्यानात आलं, डावीकडनं येणारं ह्यांना दिसत नाही. म्हैस, सायकल, खांब. समोरचं दिसतं, उजवीकडचं दिसतं, पेपर वाचतात. डावीकडं पडदा. मी विचारलं नाही. ठोके वाढवले. तेही कधी म्हणाले नाहीत की एवढं काय वाजवतेस. ठोका पडला की पाय ब्रेकवर. कागदावर न लिहिता दोघांचा करार झाला.

चैत्रात एकदा मागं डबा घरंगळला म्हणून मी उठले. तेवढ्यात आवाज. सायकलवरची पोरगी चारीत पडली होती. कोपर खरचटलं, चाक वाकलं, बाकी काही नाही. हे म्हणाले, "एकदम आडवी आली." आडवी कुठली? सरळ रस्ता, ती डाव्या कडेनं चालली होती, मी उठायच्या आधीपासनं. मी म्हणलं, "हो, आडवीच आली."

पोरीला गाडीत बसवून लिंबाचं सरबत दिलं. तिनं पडद्याचं कौतुक केलं. तेव्हापासनं उलथनं सोडत नाही हातातलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. कि. ०

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

खालच्या क्लिनिकात गेलो. सु. कामावर, बरोबर यशू, बोलायला. डॉक्टरीण चिनी, तरुण, हसरी. तक्त्यावरची अक्षरं ह्यांनी खालच्या ओळीपर्यंत वाचली. मग ती समोर बसली आणि म्हणाली, माझ्या नाकाकडं बघा, बाजूला बोट हललं की सांगा.

उजवीकडं हललं. "येस." डावीकडं हललं. आणि माझी अंगठी खुर्चीच्या लोखंडी दांडीवर वाजली. टक्. "येस," हे म्हणाले.

मी मुद्दाम केलं नाही. ह्या वहीत खोटं कशाला लिहू. माझी खुर्ची ह्यांच्या डाव्या हाताला होती. तिथं काही हललं की माझा हात वाजतो, पाच वर्षांची खोड. पण दुसऱ्यांदा वाजली तेव्हा मला कळलं होतं. तिसऱ्यांदा तर चांगलंच कळलं होतं. हात मागं घेतला नाही.

"व्हेरी गुड, अंकल." कागद दिला.

बाहेर आल्यावर यशू विचारते, "आजी, व्हाय यू नॉक नॉक?" म्हणलं, सवय आहे. हे खुशीत पुढं चालत होते. डावा खांदा खांबावर आपटला. खांबाला सॉरी म्हणाले.

१ डिसेंबर, सोमवार. कि. ०

सु. शब्दाची पक्की. कागद बघितला, "ठीक आहे बाबा, हरले," म्हणाली आणि काल बाजारातनं गाडीच्या पडद्यांना कापड घेऊन आली. निळं, बारीक पांढरी फुलं. लहानपणी हट्ट करून हरली की अशीच लगेच कामाला लागायची. आईचा संशय येत नाही तिला. आला असता तर बरं झालं असतं.

हे यशूच्या चित्रकलेच्या वहीत रस्ता काढतायत. कराड, कोल्हापूर, मग घाट, खाली समुद्र.

३ डिसेंबर, बुधवार. कि. ०

जूनच्या सुट्टीत यशूनं यायचं ठरलं. पंधरा दिवस गाडीत. पोरगी नाचतेय.

हे मला म्हणाले, "तू मागं पलंगावर बस. पुढची सीट तिला देऊ, तिला दिसायला पाहिजे."

डावी सीट.

ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. खरंच काही नव्हतं त्या तोंडावर. मला वाटत होतं आमचा करार आहे. ह्या माणसाला करार झालाय हेच माहीत नाही की काय? की माहीत असून… माहीत असून तिला तिथं बसवणार नाहीत. एवढं ओळखते.

आमटी खारट झाली.

६ डिसेंबर, शनिवार. कि. ०

सकाळी आंघोळी करून सगळे पांढऱ्या कपड्यात. फोटोपुढं मेणबत्ती, हार. वंदना. हे सांगतात, आम्ही मागनं म्हणतो. पंचशील मला झोपेत येतं. आज चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणतात त्याला, थांबले. बाकीचे पाचव्यावर गेले, मी चौथ्यावरच. यशूनं वळून बघितलं.

मेणबत्ती विझायची वाट बघितली नाही. तिथंच बसून बोलले. दोन वर्षांचं, उलथन्याचं, सायकलवाल्या पोरीचं, अंगठीचं. एका दमात.

सु. म्हणाली, "दोन वर्षं? आई, दोन वर्षं? तुला दिसत होतं आणि तू शेजारी बसत होतीस?"

"मी बसत होते म्हणून तर गाडी चालत होती."

"ही काय गर्वाची गोष्ट आहे?"

नाही. पण थोडी होती. ते तिला काय सांगू.

हे उठले. हार नीट केला, वाकडा नव्हता तरी. मग म्हणाले, "चौतीस वर्षांत कुठल्या कंडक्टरनं माझा रिपोर्ट केला नाही." आणि खिडकीकडं गेले.

११ डिसेंबर, गुरुवार. कि. ०

मोठ्या दवाखान्यात मशीन. डबीत तोंड घालायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला बाहेर बसवलं. सु.नं सांगितलं होतं वाटतं, हिला आत घेऊ नका.

कागद दाखवला. डाव्या डोळ्याचा गोल मधला ठिपका सोडून सगळा शाई सांडल्यासारखा काळा, उजव्याच्यात नाकाकडची, म्हणजे डावीच बाजू. काचबिंदू. गेलं ते येत नाही म्हणाले. आहे ते राखायला थेंब, रोज, आयुष्यभर. गाडी बंद. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असतात तर बरंच राहिलं असतं.

ते ह्यांना बघून म्हणाले. सु.नं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

१६ डिसेंबर, मंगळवार. कि. ०

दहा दिवस माझ्याशी बोलणं बंद. पाणी हवं तर, "यशू, टेल आजी, वॉटर." ह्यांना इंग्रजी सुचायला लागलं माझ्यामुळं. यशूही कमी नाही. काल म्हणाली, "आजोबा, शी इज टू फीट अवे, लाह. यू टेल हर."

थेंब मात्र माझ्याकडनंच घालून घेतात. खुर्चीत मान मागं टाकून बसतात, डोळे छताला. मी घालते. एक उजवा, एक डावा. घालून झालं की उठतात. सरकारी काम असल्यासारखं.

सु.नं लाँग टर्म पासचा फॉर्म आणला. सही करायला सांगितली. चौथी पास बाईची सही, वेळ लागतो. नावाच्या पहिल्या अक्षरापाशी पेन ठेवून म्हणलं, उद्या करते. पेनात शाई होती.

२३ डिसेंबर, मंगळवार. कि. ०

दिरांच्या किरणचा फोन. गाडीला गिऱ्हाईक आलंय. नाश्त्याची गाडी करायचीय त्याला, पोहे-मिसळ, कॉलेजपुढं लावणार. ओटा आयताच आहे म्हणून खूष आहे. "काकू, दहा-अकरा जानेवारीपर्यंत काय ते सांगा. तो दुसरीकडं बघेल नाहीतर."

ह्यांना ऐकू गेलं, फोन मोठ्यानं होता. खिडकीतनंच म्हणाले, "यशू, टेल आजी, विकून टाक."

यशू म्हणाली, "आजोबा, आय डोन्ट वॉन्ट टू टेल that." (तिचंच अक्षर. मी लिहीत होते, तिनं पेन ओढून शेवटचा शब्द लिहिला. असू दे.)

२९ डिसेंबर, सोमवार. कि. ०

सु.ला सुट्टी. दोघी मेथी निवडत होतो. तिनं नीट विचारलं, भांडायला नाही. "आई, खरं सांग. बाबांचं मला कळतं, जन्मभर स्टिअरिंग. तुला काय त्या डब्यात?"

म्हणलं, मला प्रवासाची हौस नाही. देऊळ, लेणी, समुद्र, सगळीकडं मी आधी पाणी कुठं मिळेल ते बघते. पण लग्न झाल्यापासनं मी सासूच्या ओट्यावर रांधलं, मग जावेबरोबरच्या, आता तुझ्या. तू चांगली आहेस, पण मीठ कुठं ठेवलंस ते विचारावं लागतं. गाडीत दोन हाताचा ओटा आहे, अंधारातही हात मिठावर जातो. आणि पुढं बसलं की हे माझं ऐकतात. घरात कधी ऐकलं? तिथं एक ठोका मारला की चौतीस वर्षांचा ड्रायव्हर थांबतो.

एवढं बोलले. सु. मेथीच्या काड्या गोळा करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुला दोन वर्षांपूर्वीच सांगायचं नव्हतं."

पोरगी शिकलीय, उगाच नाही. हो म्हणलं.

"किरण चालवेल ना," ती म्हणाली. "सुट्टी काढून. किंवा चालवूच नका. एका जागी लावा आणि राहा."

ह्याचा विचार केला नव्हता. ठोका कुणाला द्यायचा मग?

४ जानेवारी, रविवार. कि. ०

थेंब घालताना आज बोलले. मान मागं, डोळे मिटलेले.

"सीट तिला देतो म्हणालो, तेव्हा तुला काय वाटलं?"

म्हणलं, वाटलं की तुम्हाला माहीतच नाही.

थेंब गालावरनं कानाकडं आला, मी पदरानं टिपला.

"चैत्रात ती पोरगी मला दिसली नाही. आवाज आला तेव्हा कळलं. मी आपलं आडवी आली म्हणालो, तूही हो म्हणालीस, मग तेच धरलं. तू म्हणतेस तर आली असेल." मग म्हणाले, "कंडक्टरवर भरवसा ठेवावा लागतो."

शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या.

मी म्हणलं, किरण चालवेल म्हणते सु. म्हणाले, "किरण क्लचवर पाय ठेवून चालवतो." म्हणजे नाही म्हणाले नाहीत. की म्हणाले? चाळीस वर्षांत ह्या माणसाचं नाही मला कळतं. हो कधी कळलेलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार. कि. ०

यशूची शाळा सुरू. घर रिकामं. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली. निळे पडदे शिवून झाले, सात. कशाला शिवले विचारलं तर सांगता येणार नाही. कापड होतं म्हणून.

किरणचा मेसेज: रविवारी काय ते सांगा.

१० जानेवारी, शनिवार. कि. (बसचे धरायचे का? धरले तर नऊ.)

सकाळी हे शर्ट घालून उभे. "येतेस?" मला. यशूमार्फत नाही.

दुमजली बस. ह्यांना वर पुढचीच जागा लागते, मोठ्या काचेपाशी. मी आधार देऊन वर चढवले, डाव्या अंगाला राहून. हे उजव्या सीटवर बसले. मी डाव्या. कुणी ठरवलं नाही.

बस निघाली. वरनं रस्ता असा दिसतो की आपणच चालवतोय. ह्यांचे हात मांडीवर, थोडे वर उचललेले. खालचा ड्रायव्हर बरा होता, वळण हळू घेत होता. हे म्हणाले, "हात चांगलाय ह्याचा." दुसऱ्या ड्रायव्हरला चांगलं म्हणताना मी ह्यांना पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हणलं, उद्या किरणला फोन करायचाय. काय सांगू?

सिग्नल गेला, बसथांबा गेला.

मग डावीकडच्या गल्लीतनं एक सायकलवाली निघाली. टोपली भाजीची, इकडंतिकडं न बघता. माझी अंगठी समोरच्या दांडीवर वाजली. एकदा.

ह्यांचा उजवा पाय बसच्या तळाशी दाबला गेला. जोरात, टाचेपासनं. डोळे समोर. आणि खालच्या माणसानं त्याच घडीला ब्रेक लावला, त्याच्या बुद्धीनं. बस थांबली. बाई गेली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

हे पायाकडं बघत होते. मीही. पाय अजून दाबलेलाच.

"सोडा आता," म्हणलं.

सोडेनात. तेव्हा मी दांडीवर दोनदा वाजवलं.